बांधणीला जाणारी पुस्तकं

समितीचा ठराव असा:
सांगे वाचनालयातली एकतीस पुस्तकं
कुडचड्याला बांधणीला जातील.
त्याआधी सहाय्यकाने, म्हणजे मी,
समासातला पेन्सिलीचा सगळा मजकूर
स्वच्छ खोडावा.
दोन खोडरबर मंजूर. सही, शिक्का.

पंख्याखालून उठून मी खिडकीशी बसले,
चुरा उडतो म्हणून.

पहिलं इतिहासाचं. लेखक पुण्याचे.
पान सात: ‘गोमंतकीय माणूस स्वभावतःच सुशेगाद.’
समासात: ‘पहाटे चारला या. कुळागराचं शिंपण दाखवतो.’
त्याखाली वेगळं अक्षर:
‘चारला उठायचास तू? कधीपासून?’

दोन्ही अक्षरं मी ओळखते.
तिरकं, फळदेसाई मास्तरांचं. फुलाला मत दिलेले,
महाराष्ट्रात जाऊ म्हणणारे,
ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की जेवण न जाणारे.
उभं, रोगुवीर नायकांचं. दोन पानांवाले.
विलीनीकरण नको, हे बाजारात कोकणीत सांगायचे
आणि पुस्तकात मराठीत लिहायचे,
ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून.

‘साफ खोटं.’
‘साफ खरं.’
‘पुरावा?’
‘माझा मामा तिथे होता.’
‘तुझा मामा त्या साली कारवारला होता, उधारी चुकवत.’
अडीचशे पानं असंच.
मी खोडत गेले. हसू येत होतं, हात दुखत होता.

जनमत कौलाचं प्रकरण मात्र निराळं.
छापलेलं: ‘त्या दिवशी सकाळपासून लख्ख ऊन होतं.’
तिरकं: ‘चूक. धुकं होतं. पुढचा माणूस दिसत नव्हता.’
उभं: ‘धुकंच होतं. पुढचा माणूस मी.’

तेही खोडलं. ठराव तो ठराव.
धुकं जायला जरा वेळ लागला.

मग प्रवासवर्णन, रंगीत कव्हरचं, तीनदा चिकटवलेलं.
‘सांग्याच्या पुढे पाहण्यासारखं फारसं नाही.’
यावर समास पुरला नव्हता.
कोणी नदीचं नाव दुरुस्त केलेलं,
कोणी नुसतं उद्गारचिन्ह, कागद फाटेपर्यंत,
कोणी हिशेब मांडलेला:
लेखक बसने आला, दुपारी दीडला उतरला,
तीनच्या बसने गेला. चहा धरून दीड तास.

पान एकशे बारा. कुर्डी.
‘मे महिन्यात धरणाचं पाणी ओसरलं
की काही भग्न जोती उघडी पडतात.
फोटोसाठी उत्तम स्थळ.’

खाली, बारीक, शाळा लवकर सुटलेलं अक्षर:
‘तिसरं जोतं आमचं. आंब्याच्या खोडाकडलं.
तुळशिपाशी उभं राहून फोटो काढू नये.
प्रे. वे.’

‘शि’भोवती तिरक्या हाताचं वर्तुळ,
वर बाणाने ‘शी’.
मग उभ्या अक्षरात दोनच शब्द:
‘मास्तर, इथे नको.’
आणि ते वर्तुळ, तो बाण
मास्तरांनी स्वतःच खोडलेले,
थुंकी लावून, बोटाने.
अजून तिथे डाग आहे.

रजिस्टर काढलं.
प्रेमावती वेळीप, वाळकिणी वसाहत.
हेच पुस्तक चार वेळा नेलेलं.
एकदा उशीर, दंड दोन रुपये, भरले.
दुसरं एकही पुस्तक नाही.
गेली दोन वर्षं ती आलेली नाही.
मास्तर नाहीत. नायक मुलाकडे, वास्कोला,
ऐकू कमी येतं म्हणतात.

मी पाचव्यांदा तिच्या नावावर पुस्तक चढवलं.
परतीच्या तारखेच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना.
‘मे’ लिहिलं.

कुडचड्याचा बाइंडर दोनदा मोजतो,
त्याची सवयच तशी.
‘बाई, तीसच आहेत. एकतिसावं?’
वाचकाकडे आहे, म्हटलं.